दातांनी ऐकलेलं लाकूड

"थांबव मशीन. थांबव म्हणतो ना. माणूस कापतो का बे?"

ओरडत होते काकाजी. आरामशीनच्या गाड्यावर, आंब्याच्या एका जाडजूड ओंडक्याला मिठी मारून ते पालथे पडले होते आणि आरीचं पातं त्यांच्या टकलापासून चार बोटांवर गरगरत होतं. लोक म्हणतात, चार बोटं नसतील, चार हात असतील. लोक तिथे नव्हते, मी होतो. मशीनवाल्याने हातातला चहा टाकून बटण दाबलं, पातं सुंसुं करत थांबलं, रस्त्यावरचे दोन ऑटोवाले आत डोकावले, तरी काकाजींचं ओरडणं सुरूच. मशीन थांबली हे त्यांना कळलंच नव्हतं.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. "काकाजी, बंद झाली."

"काय?"

"मशीन. बंद."

"मंग आधी सांगाचं ना," म्हणत ते उठून बसले, लेंग्यावरचा भुसा झटकला, अंगठा जिभेला लावला आणि ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर खसाखसा घासला. ओल्या जागी लाकडाचा रंग उघडला. मग त्यांनी ओंडक्याची कड दातांत धरली, उसाचं कांडं धरावं तशी, आणि बोटाच्या पेराने वर ठक ठक केलं. डोळे मिटलेले. आरामशीनवर त्या क्षणी जी शांतता पसरली तशी मी नंतर फक्त निकालाच्या दिवशी पाहिली.

"हे बोलते," काकाजी म्हणाले.

"काकाजी, आंबा आहे तो," मशीनवाला म्हणाला. "नरखेडकडून आला. संत्र्याच्या पेट्याचा माल. उतरा ना आता."

"पेट्या?" काकाजींना हे बरोबर ऐकू आलं. नको ते शब्द त्यांना नेहमीच बरोबर ऐकू यायचे. "याच्यात समुद्र आहे बे. पाह्य, लाटा पाह्य. अन् तू याच्यात संत्री भरतं?"

काकाजींनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. नागपूरच्या माणसाची पंचाईतच आहे. देशाच्या इतक्या मधोमध बसलोय की कोणत्याही दिशेला निघा, समुद्र सारखाच लांब. म्हणून माणूस घरीच बसतो. पण त्या ओल्या अंगठ्याखाली लाटा होत्या, हे मीही पाहिलं. एकामागून एक, बारीक, सोनेरी.

आम्ही तिथे गेलो होतो काकूंच्या स्वयंपाकघरातल्या एका फळीसाठी. मसाल्याचे डबे ठेवायला, हातभर लांबीची फळी. परत आलो ते टेम्पोत अख्खं झाड घेऊन. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी टेम्पोकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं आणि मला विचारलं, "बाबू, फळी कुठी आहे?" ती फळी पुढे कधीच झाली नाही. डबे अजूनही ओट्यावरच असतील.

काकाजी आमचे घरमालक. मी मिहानमधल्या एका कंपनीत नव्यानेच नोकरीला लागलो होतो आणि प्रताप नगरात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत राहायचो. त्यांचं आयुष्य लाकडात गेलेलं. आधी आरामशीनवर, मग फर्निचरच्या कारखान्यात, मग घरच्या मागच्या अंगणातल्या टिनाच्या शेडखाली. कान लहानपणीच फुटलेले. उरलंसुरलं आरीने खाल्लं. डॉक्टर म्हणाले होते की आतला कान बराचसा शाबूत आहे, वाटेत दरड कोसळली आहे, ऑपरेशन करून पाहू. काकाजी म्हणाले, "रंधा कुठी थांबवाचा हे मले समजते. त्याले समजते का, काय भरोसा?" विषय संपला. लेकीने बंगळूरहून कानाचं मशीन पाठवलं होतं, ते त्यांनी स्क्रूंच्या डबीत ठेवलं. "त्याच्यात चमचा पडला का तोफ सुटते, अन् तुही काकू बोलली का मच्छर वाटते," हे त्यांचं म्हणणं. कोणी लिहून दाखवलं तर अपमान वाटायचा. "लिहून तं मुक्या माणसाशी बोलतात. मी मुका आहे का?"

मुके तर ते नव्हतेच. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ते साधा चहा मागायचे तरी तीन घरं पलीकडे कोणीतरी गॅसवर आधण ठेवायचं. कोरोनाच्या दिवसांत मी घरून काम करायचो. कॉलवर बंगळूरचा मॅनेजर विचारायचा, मागे कोण भांडतंय? मी म्हणायचो, कोणी नाही सर, मालक म्हणतायत ऊन छान पडलंय. विमानतळ आमच्यापासून फार लांब नाही. काकाजी अंगणात बोलायला लागले की उतरणारी विमानं एक चक्कर जास्त मारायची, असं मी मित्रांना सांगायचो आणि दोघांनी ते खरं मानलं होतं.

लाकूड दिसलं की अंगठा जिभेला, ही त्यांची सवय. बँकेचं काउंटर, डॉक्टरांचं टेबल, देवळाचा दरवाजा, कुठेही. एका लग्नात आम्ही दोघं नवरदेवाला भेटायला स्टेजवर गेलो. नवरा-नवरीसाठी ती महाराजांची असते तशी कोरीव खुर्ची होती. भटजींनी नेमका श्वास घ्यायला मंत्र थांबवला आणि काकाजींनी ओला अंगठा खुर्चीच्या हातावर घासून आपल्या नेहमीच्या आवाजात निकाल दिला, "प्लायवूड आहे बे. टिकत नाई." नवरीचे वडील पार शेवटच्या रांगेतून उठून आले. ते नवरा-नवरी सुखात आहेत, दोन मुलं आहेत, पण काकाजींना त्या घरचं बोलावणं पुन्हा आलं नाही.

आता गिटारचं. माझ्याकडे एक काळी, चायनीज, इलेक्ट्रिक गिटार होती. आम्ही चार इंजिनियर शनिवारी वाजवायचो. संगीत असं की ऐकणाऱ्याला वाटावं कोणाचं तरी घर पडतंय. त्यासाठी तारा खूप ढिल्या कराव्या लागतात आणि जाड तार इतकी ढिली केली की ती वाजत नाही, लोंबते; कपडे वाळत घालता येतील अशी. यावर उपाय म्हणजे मल्टी-स्केल गिटार. त्यात जाड तार लांब असते, बारीक तार आखूड, आणि त्यामुळे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या सरळ न राहता तिरप्या होत जातात, हातपंखा उघडावा तशा. परदेशातून मागवायची तर किंमत ऐकून मी लॅपटॉप बंद केला होता.

हे मी काकाजींना एकदा अंगणात, हातवारे करत, घसा फाडून सांगितलं. अर्ध्यातच त्यांनी हात वर केला.

"म्हणजे जाड्याले लांब पैजामा, बारक्याले आखूड?"

"हो. तसंच."

"मंग आतापर्यंत त्या लोकायनं सगळ्यायले एकाच मापाचा पैजामा शिवला का?" त्यांना मनापासून वाईट वाटलं. गिटार या वस्तूला त्यांनी त्याआधी हातही लावला नव्हता, संगीतातलं त्यांना सा कळत नव्हतं की रे, पण अन्याय कळला. त्यांनी शेडमधल्या ओंडक्याकडे पाहिलं. "समुद्राले काम भेटलं," ते म्हणाले.

ओंडका चिरून फळ्या झाल्या. पण ओलं लाकूड म्हणजे तापट माणूस. आज सरळ दिसतो, उद्या कुठे वाकेल नेम नाही. ते वाळवावं लागतं आणि सावकाश. काकाजींनी दीड वर्ष वाळवलं. नागपूरचा मे महिना म्हणजे फुकटची भट्टी, तरी नुसती भट्टी चालत नाही, लाकूड फाटतं. म्हणून फळ्या घरात. दोन त्यांच्या पलंगाखाली, एक माझ्या गादीखाली. दर रविवारी सकाळी ते वर यायचे, मला उठवायचे, फळी उलटी करायचे आणि जायचे. दीड वर्ष मी माझ्या गिटारवर झोपलो, असं जगात किती लोक सांगू शकतील? आणि कूलर बंद. कूलरची हवा ओली, लाकूड फुगतं. नागपुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवून झोपलेला माणूस एकतर संत असतो किंवा भाडेकरू. काकूंनी मात्र आपला कूलर एका वाक्यात सुरू करवला. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण पलंगाखालच्या फळ्या संध्याकाळी देवघरात गेल्या.

काकूंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी त्यांची आहे.

एका सकाळी मी त्यांच्याजवळ ओसरीत बसलो होतो. त्या वाल निवडत होत्या आणि मला शेजारणीच्या मांजरीची हकीकत सांगत होत्या. ती शेडमधल्या आमच्याच कोळशाच्या पोत्यात व्याली होती, चार पिल्लं, त्यातलं एक अगदी दुधासारखं, आणि शेजारीण म्हणे ती माझी मांजरच नाही. चांगली पाच मिनिटांची हकीकत. मी म्हणालो, काकाजींना सांगितलं का? ते तर त्याच शेडमध्ये बसतात.

काकूंचे हात वालात थांबले.

"तूच सांग बाबू, मांजर व्याली हे काय ओरडून सांगाची गोष्ट आहे?"

त्या पुन्हा निवडायला लागल्या.

"गॅस संपला, हे ओरडता येते. जेवाले चाला, हे येते. लेकीचा फोन आला, येते. बाकीचं राहून जाते." त्यांनी एक किडका दाणा बाजूला टाकला. "पोरगी लगन होऊन गेली तव्हापासून राहूनच जाऊन राहिलं. आधी मी बोलत होती. भल्ली बोलत होती. मंग एक दिवस भाजीवाला म्हणे, काकू, तुमचं काल बीपी वाढलं होतं ना? म्हटलं तुले कोणं सांगितलं? तं म्हणे तुम्हीच काकाजींले सांगून राहिल्या होत्या, आम्ही चौकात आयकलं."

"आणि काकाजी? ते तर बोलतात."

"ते तं बोलतातच. इतक्या जोरानं बोलतात का कधी कधी मले वाटते मीच बहिरी आहे. सांगून सांगून थकली, हळू बोला म्हणून. आता नाई सांगत."

त्यानंतर मी लक्ष द्यायला लागलो. एका घरात दोन माणसं, एकमेकांवर जीव. काकाजी काकूंसाठी रोज सकाळी जास्वंदाची फुलं काढून ठेवायचे, काकू त्यांच्या लेंग्याच्या खिशातून रोज खिळे काढून मग तो धुवायच्या. आणि दिवसभराचं बोलणं मोजायचं तर एका पोस्टकार्डावर मावेल.

शेडमध्ये मात्र काकाजींचं लाकडाशी अखंड बोलणं चालायचं. गिटारचं अंग त्याच आंब्याचं. वरच्या फळीत लाटांच्या मधून काळ्या, शाईने काढल्यासारख्या रेघा गेल्या होत्या. मी त्यांना नद्या म्हणायचो; होती ती बुरशी. लाकूड सडायला लागतं आणि वेळेत वाळवलं की सडणं थांबतं, तिथे अशी रेघ राहते. "सडाले निघालं होतं," काकाजी म्हणायचे, "मन बदललं त्याचं." मान सागाची, मधून शिसमाची पट्टी. आणि मानेवरची, बोटं फिरतात ती पट्टी तेंदूची. तेंदू म्हणजे आपल्याला बिडीचं पान. पण म्हाताऱ्या तेंदूचं काळीज काळं कुळकुळीत निघतं, दगडासारखं कठीण. तसा एकच तुकडा काकाजींकडे होता, तरुणपणी कोणीतरी दिलेला, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. एवढी वर्षं त्याच्या लायकीचं काम आलं नव्हतं.

आता या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांचं अंतर हा सगळ्या गिटारचा प्राण. एक इकडेतिकडे झाली की सूर रडायला लागतो. आमच्या गिटारला तर त्या तिरप्या. दोन टोकांची दोन वेगळी मापं. मी कॉम्प्युटरवर सगळं काढलं. मिलिमीटरमध्ये. काकाजींनी कागद परत केला.

"मीटर कापडाचा, लिटर दुधाचा. लाकूड सुतात मोजतात."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार लोकांचं माप. मी कॉम्प्युटरवर बसलो आणि सगळे आकडे सुतात करून दिले. हार्डवेअरच्या दुकानदाराने सांगितलं होतं, एक सूत म्हणजे तीन एमएम. सगळं गाव असंच म्हणतं. काकाजींनी माझा कागद भिंतीला चिकटवला, चष्म्यावर चष्मा चढवला आणि नऊ दिवस त्या काळ्या पट्टीत खाचा पाडल्या. नऊ दिवस त्या शेडमधून आवाज आला नाही. सामनेवाल्या घरून विचारपूस झाली, काकाजींची तब्येत बरी आहे ना?

पट्टी मानेवर चिकटली, खाचांत धातूच्या पट्ट्या ठोकून झाल्या, आणि मी ऑफिसमधून खऱ्या मापाचं चित्र छापून आणलं. नुसतं शेजारी ठेवून फोटो काढायला, मित्रांना जळवायला. शेडमध्ये काकाजींच्या समोर मी तो कागद मानेवर ठेवला.

कागद कमी पडला. थोडाथोडका नाही, दीड इंच.

काकाजींनी कागद सारखा केला, पुन्हा ठेवला. कमीच. त्यांनी उजवा हात समोर धरून पाहिला, उलटा, सुलटा, दुकानात वस्तू पाहतात तसा. मग दिवा बंद करून घरात गेले.

मी वर जाऊन हिशेब पुन्हा केला आणि पाच मिनिटांत कळलं. सूत तीन मिलिमीटरचं नसतंच. तीनाहून जरासं जास्त असतं, तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढं. त्या टोकाला दोनशे-सव्वादोनशेने गुणलं की दीड इंच होतो. काकाजींनी खाचा केसभरही चुकवल्या नव्हत्या. ऑफिसात दशांशचिन्हापुढच्या तिसऱ्या घरावरून भांडणारा मी, एवढ्या मोठ्या कामात दुकानदाराच्या तोंडी मापाने गेलो होतो.

आणि मी तीन दिवस बोललो नाही.

या तीन दिवसांबद्दल मला वाढवून सांगता येत नाही. जेवढे होते तेवढेच पुरेसे आहेत. सकाळी लवकर निघायचो, चोरासारखा जिना उतरायचो. सांगू उद्या, म्हणायचो. शेवटी चूक सांगायची म्हणजे ओरडायची, अन् ओरडायची म्हणजे प्रताप नगराला सांगायची.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, खालून आवाज आला. काकाजी काकूंना सांगत होते, म्हणजे मला आणि गल्लीलाही.

"आयकतं का वं? हात गेला माहा. पटाशा कोनाले देऊन टाक. कोनी सुतार आला तं त्याले दे."

काकूंचं उत्तर ऐकू आलं नाही. त्या काही बोलल्याच नसाव्यात. बोलण्यासारखं जे होतं, ते ओरडण्यासारखं नव्हतं.

मी उतरलो. काकाजी शेडमध्ये जमिनीवर बसून लाकूड कोरायची एकेक पटाशी तेलाच्या फडक्याने पुसत होते आणि त्याच धोतराच्या फडक्यात, ज्यात तेंदू होता, ठेवत होते. मी समोर बसलो.

"काकाजी, चूक माझी आहे."

"काय?"

"चूक. माझी."

"चूल?"

"चूक. माप मी चुकवलं. मी."

"कोनं?"

आपल्या गच्चीवर सामनेवाली कपडे वाळत घालत होती. तिने मदतीला आवाज दिला, "काकाजी, तो म्हणून राहिला त्याची चूक आहे." फाटकाशी भाजीवाला थांबला होता. त्यानेही तोंडाशी हात नेला, "तुमची नाही काकाजी, इंजिनियरची." मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी कबूल केल्या आहेत, पण एवढ्या साक्षीदारांसमोर एकही नाही. मी उठलो, छाती भरली आणि सगळं सांगितलं: सूत तीनाचं नसतं, मी तीननेच भागलं, तुमच्या खाचा बरोबर आहेत, माझा कागद खोटा आहे, मला त्याच दिवशी कळलं होतं. माझा घसा दोन दिवस बसला. गल्लीतलं एक लहान पोर रडायला लागलं होतं असं भाजीवाला सांगतो.

काकाजी हातात पटाशी घेऊन ऐकत होते.

"सगळीकडे तीननंच भागलं? का कुठी तीन, कुठी चार?"

"सगळीकडे तीन."

"एकूण एक?"

"एकूण एक."

त्यांनी मान डोलावली. "मंग चूक काहून म्हणतो? एका जागी चुकलं तं चूक. सगळीकडे सारखं चुकलं तं ते माप आहे."

आणि खरंच होतं ते. सगळंच त्याच प्रमाणात वाढलं होतं, म्हणून सुराचं काही बिघडलेलं नव्हतं. गिटार फक्त उंच झाली होती. माझ्या डोक्यात तीन दिवसांत जे आलं नाही, ते त्यांनी जमिनीवर बसल्या बसल्या सांगितलं. ते पटाशा पुन्हा फडक्यातून काढून भिंतीवर लावायला लागले. शेवटची लावताना माझ्याकडे पाठ होती.

"तीन दिवस कुठी होता बे?"

मी तेलाचं फडकं उचलून त्याची घडी करायला लागलो.

"आधी सांगाचं ना," ते म्हणाले.

पुढचे दोन महिने लाखेचं पॉलिश. कापडाच्या बोळ्याने, एका दिवसात एकच पातळ हात, जास्त नाही. त्या उन्हात गिटार तिरपी धरली की आंब्यातल्या लाटा खरोखर सरकायच्या. शेजारीपाजारी पाहायला यायचे. आरामशीनवाला मुद्दाम आला, बघून गेला, आणि जाताना एवढंच म्हणाला, "साल्या किती पेट्या केल्या असतील आपण." बिजलीचं काम माझं. काकाजींना ते पटत नव्हतं. "जिवंत लाकडाले करंट काहून देता?" विचारायचे. म्हणून पहिल्यांदा तारा चढवल्या, त्या दिवशी वायर जोडलीच नाही.

सकाळ होती. ओसरीत दिवाणावर मी बसलो, गिटार मांडीवर आडवी, पाळण्यासारखी. काकाजी माझ्या डाव्या हाताला. जाड तार ठरल्यापेक्षा दीड इंच लांब, त्यामुळे ती मी आणखी खाली उतरवली, आणखी खाली, आणि तरी ती लोंबेना. मी ती छेडली. मला ऐकू आला तो एक बारीक घुमारा. काकाजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग वाकले आणि गिटारचं डोकं, जिथे खुंट्या असतात ते, हळूच दातांत धरलं.

मी पुन्हा छेडली.

त्यांचे डोळे मिटले. गालाची हाडं थरथरताना दिसत होती. तार विझेपर्यंत ते हलले नाहीत.

"बोलते," ते दात न सोडता म्हणाले. "भल्ली बोलते बे."

मी माझं सगळ्यात अवघड, चार महिने घासलेलं काहीतरी वाजवलं. त्यांनी तोंड काढलं. "म्हैस," ते आनंदाने ओरडले. "गाभण म्हैस हंबरून राहिली. आणखी हंबरव." आणि पुन्हा दात लावून बसले. मी वाजवत राहिलो. सत्तरी उलटलेला माणूस, डोळे मिटून, गिटारचं डोकं तोंडात. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते दाताला कळ लागली म्हणून, असं ते नंतर सांगायचे. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते त्यांचे, सुपारी फोडायचे.

आवाज ऐकून काकू बाहेर आल्या. हाताला कणीक. थोडा वेळ उभ्या राहून पाहत राहिल्या.

"त्यायले आयकू येऊन राहिलं?"

मी मान डोलावली.

"तारेचं?"

"लाकडातून," मी म्हणालो. "लाकडाला जे लागेल ते."

काकूंनी पदराला हात पुसले. नीट पुसले, बोटाबोटांतून. मग माझ्या उजव्या हाताला येऊन बसल्या आणि काही न विचारता वाकून आपली हनुवटी गिटारच्या दुसऱ्या टोकावर टेकवली, आंब्यावर, त्या लाटांवर. मी तारांवर तळवा दाबून धरला. मधोमध मी, माझ्या मांडीवर ती गिटार, आणि तिच्या दोन टोकांना ती दोघं. मी श्वासही घेत नव्हतो, लाकडात जाईल म्हणून. ती गिटार आज माझ्याकडे नाही. त्या दिवसानंतर ती वर माझ्या खोलीत न्यायची गोष्ट मी काढली नाही आणि कोणीच काढली नाही. खोली सोडतानाही ती त्यांच्याच दिवाणावर, मऊ गोधडीवर ठेवून आलो.

काकू काही वेळ नुसत्या गुणगुणल्या. काकाजींचे मिटलेले डोळे उघडले. ते तसेच, दात लावून, तिरप्या नजरेने माझ्या मांडीपलीकडे पाहायला लागले.

मग त्या बोलल्या. इतक्या हळू की मी मध्ये बसलो नसतो तर मलाही कळलं नसतं.

"हळू बोलत जा जी. मी बहिरी नाई."

काकाजींनी गिटारचं डोकं तोंडातून काढलं. लेंग्याच्या टोकाने पुसलं. काकूंकडे बघत राहिले. आणि मग, वरच्या पंख्याच्या घरघरीत जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, जो मी त्या घरात राहिलो तेवढ्या वर्षांत ऐकला नव्हता, म्हणाले,

"आधी सांगाचं ना."